स्लाव्हिया १.० घेऊन रीमॅप करावं, की सरळ १.५ टीएसआय घ्यावी?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहणं अमळनेरला, घरात चार माणसं, महिन्यातून एक-दोनदा शिरपूर-सेंधव्यावरून इंदूर. स्कोडा स्लाव्हिया किंवा फोक्सवॅगन व्हर्टस १.० टीएसआय (लहान टर्बो पेट्रोल इंजिन) घेऊन वाचलेल्या पैशांत रीमॅप (इंजिनच्या संगणकाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं), कोन फिल्टर, एक्झॉस्ट, १७ इंची अलॉय आणि लोअरिंग स्प्रिंग बसवायच्या, की १.५ घ्यायची? शिवाय ह्युंदाई व्हर्ना टर्बो आणि होंडा सिटीचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. १.५ घ्या, वॉरंटी संपेपर्यंत इंजिनला हात लावू नका, आणि हौसेचे पैसे टायर-ब्रेकवर घाला. आता कारणं.

१.० टीएसआय कंपनीकडून ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटर देते. जाणत्या ट्यूनरने स्टेज १ (भाग न बदलता फक्त रीमॅप) केलं तर साधारण १३५-१४० पीएस आणि २२० न्यूटन मीटरच्या आसपास पोचते. १.५ टीएसआय शोरूममधून निघतानाच १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर देते. म्हणजे खर्च करून, वॉरंटी धोक्यात घालूनही तुम्ही १.५ च्या खालीच राहता. तीन सिलिंडरची थरथर उरतेच. आणि लहान इंजिन म्हणून करात काही सुटत नाही. १८ टक्के जीएसटीसाठी गाडी चार मीटरच्या आत लागते, स्लाव्हिया साडेचार मीटरची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही इंजिनांना सारखाच ४० टक्के दर आहे. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के, तोही दोघींना सारखा.

व्हर्ना टर्बो १६० पीएस आणि २५३ न्यूटन मीटरची आहे, वरच्या व्हेरिअंटला मागेही डिस्क ब्रेक मिळतात. स्लाव्हिया-व्हर्टसला मागे ड्रमच. सरळ रस्त्यावर पिकअपला व्हर्ना कुठेच कमी नाही. पण स्लाव्हिया-व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीला १७९ मिमी आहे, व्हर्ना आणि सिटी त्याहून खाली आहेत. चार माणसं, डिकीत सामान आणि गावागावातले मनाला येईल तसे बांधलेले गतिरोधक धरले, तर हे दहा-पंधरा मिमी रोज जाणवतात. सुरक्षेत स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना तिघीही बरोबरीला: ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये २०२३ साली तिघींना पाच तारे मिळाले. सिटीचं १२१ पीएसचं बिनटर्बो इंजिन गोड आहे, टिकाऊ आहे, पण त्यावर रीमॅपने पाच-सात पीएसच्या वर काही हाती लागत नाही. सिटी घ्यायची तर जशी आहे तशी चालवायला घ्या.

आता आपल्याकडचा खरा मुद्दा, ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ ला टेकतो. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. बिनटर्बो इंजिनाची ताकद जवळजवळ तेवढीच कमी होते. टर्बो इंजिनात ईसीयू (इंजिनचा संगणक) टर्बोला जास्त फिरवून दाब भरून काढतो, पण त्या मेहनतीने हवा आणखी तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी पेट घेऊ लागतं, नॉक सेन्सर ते पकडतो आणि ईसीयू स्पार्क उशिरा देऊ लागतो. ताकद गेली, मायलेज गेलं, एक्झॉस्टचं तापमान वाढलं. अशा वेळेसाठी कंपनी ताकदीत थोडी जागा राखून ठेवते; रीमॅप म्हणजे हीच राखीव जागा वापरणं. पुण्या-बेंगळुरूच्या हवेत डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) काढलेला ग्राफ अमळनेरच्या दुपारी तसाच मिळेल, हे गृहीत धरू नका.

स्लाव्हिया-व्हर्टसच्या इंजिनांचा इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणारा भाग) पाण्यावर चालतो, समोर वाऱ्यात टांगलेला नसतो. त्यामुळे 'मोठा इंटरकूलर बसवू' हा सोपा उपाय इथे नाही. पाणी एकदा तापलं की रांगेत उभ्या गाडीत ते लवकर निवत नाही. म्हणून कूलंटमध्ये हयगय करू नका: मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचाच कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं, आत खवले धरतात. कापसाच्या दिवसांत कंडेन्सर आणि रेडिएटरच्या जाळीत रुई-धूळ-किडे अडकतात. नळीच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने फिन्स वाकतात आणि एसीसकट कूलिंग बिघडतं.

कोन फिल्टरचा नाद सोडा. उघडा कोन बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो; कंपनीचा बंद डबा पुढून थंड हवा घेतो. तेलकट कापडी फिल्टरमधून बारीक धूळ कागदी फिल्टरपेक्षा जास्त आत जाते, आणि आपल्या काळ्या मातीची धूळ किती बारीक असते ते तुम्हाला सांगायला नको. कागदी फिल्टरच ठेवा, फक्त कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यात बदला.

एक्झॉस्टमध्ये मागचा मफलर बदलून फक्त आवाज बदलतो. ताकद मिळते ती डाउनपाइप बदलून, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून. ते बेकायदा आहे, पी०४२० कोडने चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि तो दिवा सॉफ्टवेअरने झाकला तरी धूर झाकला जात नाही.

गिअरबॉक्सवर बहुतेक जण शेवटी विचार करतात, तो आधी करा. १.५ च्या डीएसजीला (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) डीक्यू२०० म्हणतात. त्यात दोन कोरडे क्लच आहेत आणि त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर, म्हणजे कंपनीचं इंजिन आत्ताच त्या रेषेवर उभं आहे. रीमॅपमध्ये ३०० न्यूटन मीटर काढले तर क्लच घसरतो, तापतो, आणि रेल्वे फाटकाच्या रांगेत इंच-इंच सरकताना हे सगळ्यात आधी कळतं. त्यामुळे पुढे कधी रीमॅप करायचंच असेल तर मॅन्युअल गिअरबॉक्स घ्या. तो कोणत्या व्हेरिअंटला मिळतो ते बुकिंगच्या दिवशी विचारा, कंपन्या हे बदलत राहतात. डीएसजीच घेतली तर रांगेत ब्रेक पूर्ण दाबून उभे राहा आणि पुढे दोन गाड्यांची जागा झाल्यावरच सरका. ब्रेक अर्धवट सोडून रांगत राहिलात तर क्लच सतत घासत राहतो.

टर्बो पेट्रोलची आणखी एक सवय लावून घ्या. सेंधव्याजवळच्या बिजासन घाटाच्या चढात पाचव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबू नका. कमी फेऱ्यांवर जास्त दाब म्हणजे अवेळी पेट, आणि तो जोराचा बसला तर पिस्टनची रिंगेची जागा तुटते. तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० वर आणा, मग दाबा. ऑइल मॅन्युअलमधल्या मानकाचंच, आणि कंपनीने १५,००० किमी सांगितलं असलं तरी आपल्या उन्हा-धुळीत ८,००० ला बदला.

आता पैसे कुठे घालायचे. पहिला नंबर ब्रेक फ्लुइडचा. उतारावर ब्रेक तापतात, फ्लुइडने हवेतला ओलावा ओढलेला असेल तर ते उकळतं आणि पेडल थेट खाली जातं. डीओटी ४ (ब्रेक फ्लुइडचा दर्जा) चा उत्कलनबिंदू ताज्यात किमान २३० अंश, ओलावा धरलेल्या फ्लुइडचा किमान १५५. डीओटी ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. ५.१ डीओटी ४ च्या जागी चालतं. डीओटी ५ मात्र चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं, याच्यात मिसळत नाही. साधारण एक लिटर लागतं, दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. 'वरून टॉपअप केलं' हे उत्तर मान्य करू नका. पुढचे पॅड पहिल्यांदा झिजले की चांगल्या सिरॅमिक पॅडवर जा आणि मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावून ते बसवून घ्या. मध्ये थांबून तापलेला पॅड डिस्कवर दाबून ठेवू नका, डाग पडतो आणि मग स्टिअरिंग थरथरतं. उतरताना गिअर खाली ठेवा. बिजासनला पुढच्या ट्रकचा ब्रेक कधी सुटेल सांगता येत नाही, त्यामुळे तुमचा ब्रेक थंड असणं हीच तुमची ताकद.

दुसरा नंबर टायर. स्लाव्हिया-व्हर्टसच्या वरच्या व्हेरिअंटवर २०५/५५ आर१६ (रुंदी २०५ मिमी, भिंत रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) येतो, त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ६३२ मिमी. १६ इंची रिमवरच राहून २१५/५५ केला तर व्यास ६४३ होतो, पावणेदोन टक्के जास्त, स्पीडोमीटरला चालतं. भिंत उंच राहते, पकड वाढते. मला हाच पर्याय पटतो. १७ इंचीवर २१५/४५ घेतला तर व्यास ६२५, पण टायरची भिंत ११३ वरून ९७ मिमीवर येते. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यात रिम वाकण्याचं कारण हेच. तरीही हौस असेल तर लोड इंडेक्स बघा: मूळ टायर ९१, म्हणजे एका चाकाला ६१५ किलो. साधा २१५/४५ आर१७ बहुतेक ८७ चा असतो, ५४५ किलो. 'एक्सएल' (जादा वजन पेलणारा) ९१ चाच मागा. स्लाव्हिया-व्हर्टसचं पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५×१०० आणि हबचं भोक ५७.१ मिमी. बाजारातल्या अलॉयचं भोक मोठं असतं, हब रिंग टाकल्याशिवाय बसवलं तर ८०-१०० वर थरथर येते आणि लोक उगाच व्हील बॅलन्सिंग करत बसतात. बोल्ट टॉर्क रेंचने १२० न्यूटन मीटर, आणि १०० किमीनंतर पुन्हा एकदा.

हवा सकाळी गार टायरमध्ये तपासा. तापमान १० अंश वाढलं की दाब जवळपास २ पीएसआय वाढतो. दुपारी पंपावर 'जास्त दिसते' म्हणून काढलीत तर रात्री टायर कमी हवेवर चालेल, आणि उन्हात टायर फुटतो तो बहुधा कमी हवेनेच, कारण भिंत वाकून-वाकून तापते.

लोअरिंग स्प्रिंग तुमच्या वापरात सपशेल चूक ठरेल. ३० मिमी खाली केलेली गाडी चार माणसांत गतिरोधकाला घासेल, शॉकअपची चाल कमी होऊन ते बंप स्टॉपवर आपटतील.

वॉरंटी संपल्यावर रीमॅपचा विचार झालाच, तर ट्यूनिंग बॉक्स आणि रीमॅप यात फरक करा. बॉक्स दाबाच्या सेन्सरचा खोटा आकडा ईसीयूला देतो. ईसीयूला वाटतं दाब कमी आहे, म्हणून तो वाढवतो, पण बाकीच्या हिशोबाला खरा दाब माहीतच नसतो. आपल्या तापमानात मला हे धोक्याचं वाटतं. रीमॅपमध्ये दाब, स्पार्क, टॉर्कच्या मर्यादा एकत्र बदलता येतात. ट्यूनरला सांगा: फाइल साध्या पंपावरच्या ई२० पेट्रोलवर हवी (त्याचा ऑक्टेन ९५ च्या आसपास धरतात), १०० ऑक्टेनची नको, कारण ते प्रत्येक पंपावर मिळत नाही. टॉर्क २८० च्या वर नको, आणि २,००० आरपीएमच्या खाली दाब वाढवू नका. मग एप्रिल-मेच्या दुपारी, एसी लावून, तिसऱ्या गिअरमध्ये २,००० ते ५,५०० पर्यंतचा डेटा लॉग करून घ्या. इनटेक तापमान (इंजिनात जाणाऱ्या हवेचं) आणि प्रत्येक सिलिंडरचं स्पार्क मागे घेणं, म्हणजे उशिरा देणं, बघा. एकाच सिलिंडरला सतत पाच-सहा अंश मागे जात असेल तर फाइल सौम्य करून घ्या. क्लचची परीक्षा सोपी आहे: चौथ्या गिअरमध्ये २,००० ला पाय पूर्ण दाबा, आरपीएमचा काटा उडाला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय.

वॉरंटीत असताना 'सर्व्हिसच्या आधी स्टॉक फाइल परत टाकू' असं कोणी सांगितलं तर विसंबू नका. ईसीयू पुन्हा लिहिल्याची नोंद राहते, डीलरच्या मशीनला ती दिसते. कायद्याची बाजूही बघून ठेवा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेली मूळ वैशिष्ट्यं बदलता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पक्कं केलंय, आणि कलम १८२अ मध्ये विनापरवानगी प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अलॉय आणि टायर मोठे केले तरी विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीवर त्याची नोंद करून घ्या. नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिला प्रश्न त्यावरच काढतो.

बुकिंगच्या आधी टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनला मागा. चार माणसं बसवा, एसी पूर्ण ठेवा, आणि जळगावहून पाळधी-एरंडोलच्या बाजूला हायवेवर १.० आणि १.५ दोन्ही एकाच दिवशी चालवा. ट्रकला ओव्हरटेक करताना ६० वरून १०० ला जायला कोणती किती वेळ घेते ते मागे बसलेल्याला मोबाइलवर मोजायला सांगा.