यशिका इलेक्ट्रो ३५ विकावी का?

तुम्ही विचारलंय, बाबांची यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन (फिल्म रोलचा जुना कॅमेरा) सापडली, सेल मिळत नाही, भरवसा वाटत नाही, विकू का?

विकू नका. "त्या डब्याचा भरवसा नाही" हे मी आमच्या दादाच्या तोंडून पस्तीस वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

१९८८, ताईचं लग्न. मामाने जहाजावरून आणलेली हीच जीएसएन. अंतरपाट धरला आणि दादाने ती माझ्या हातून ओढून घेतली, म्हणे तुला जमायचं नाही. रोल धुऊन आला तर अंतरपाटापासून सप्तपदीपर्यंत आठ फ्रेमा कोऱ्या. निगेटिव्ह काचेसारखी स्वच्छ. दादाचा निकाल तयार: शटर बसलं, कॅमेरा भंगार.

शटर कसलं बसतंय! लेन्सवर झाकण होतं. हा रेंजफाइंडर जातीचा कॅमेरा, त्यात आपण लेन्समधून बघतच नाही, वेगळ्या खिडकीतून बघतो. मधल्या चौकोनातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला, झाकण असो वा नसो. त्यात या कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा डोळाही लेन्समागे नाही, वर अंगावर आहे. म्हणजे उजेड कमी पडला की लागणारा पिवळा दिवासुद्धा बोंब मारत नाही. माझ्याकडूनही दोनदा झालंय, पण मी कबूल करतो.

सेलचं म्हणाल तर मूळचा ५.६ व्होल्टचा, पाऱ्याचा. तो बंद झाला. ६ व्होल्टचा ४एलआर४४ घाला, उरलेल्या जागेत स्प्रिंग बसवा. मला काही फरक जाणवला नाही. सेल नसेल तर शटर फक्त १/५०० सेकंदावर चालतं. रोल ४०० आयएसओचा, अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ/१६ वर आणि भर दुपारचं ऊन असेल तर तेवढं पुरतं. रोल पुढे सरकवायची लिव्हर ओढताना आतून 'टक्' असा आवाज आला पाहिजे. नसेल येत तर आतला रबराचा तुकडा गेलाय, एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणाऱ्या प्रकाशाचं माप, गंडणार. ते दुरुस्त होतं.

हां, लेन्समध्ये बुरशी असेल किंवा सेलच्या खाचेत हिरवा गंज चढला असेल तर आधी दुरुस्तीवाल्याला दाखवा, मग माझं ऐका.

आणि झाकण दोऱ्याने बांधून टाका. लग्नकार्यात भावाच्या हातात तर देऊच नका. ती निगेटिव्हची पट्टी अजून माझ्याकडे आहे. बारा ते एकोणीस कोरे. विसावा पंगतीतला, मी काढलेला. लेन्सवरचं झाकण काढून मीच दादाकडे दिलं, वाटलं आत्ताच लावलं असेल. फोटो एकदम कडक आलाय. दादा पानावर बसलाय आणि त्याच्या डाव्या हातात ते काळं झाकण.