मेंदूच्या संशोधनाकडे वळायचे असेल, तर अकरावीला गणित सोडावे का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली. मागे कपाशीवर फवारणी करताना तिच्या काकांना विषबाधा झाली होती आणि दवाखान्यात अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने देऊन त्यांना वाचवण्यात आले. ते औषध नेमके काय करते, याचा शोध घेता घेता तिला चेतापेशींच्या, म्हणजे मेंदू आणि नसांमधील पेशींच्या, अभ्यासाची ओढ लागली. हा जीवशास्त्राचाच विषय आहे, म्हणून गणित सोडून पीसीबी ग्रुप घ्यावा, असे तिचे म्हणणे आहे. आम्हाला वाटते की तिने डॉक्टर व्हावे. संशोधनात पोट भरते का?
– एक पालक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

प्रवेश अर्जाची मुदत थांबणार नाही, म्हणून ग्रुपचा प्रश्न आधी घेतो. आपल्या मुलीने जीवशास्त्र अवश्य घ्यावे, पण त्यासोबत गणितही ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या प्रश्नाने तिला या वाटेवर आणले, त्याचाच थोडा खोलात जाऊन विचार केला, तर या आग्रहामागचे कारण लक्षात येईल.

काकांना बाधलेले कीटकनाशक बहुधा ऑर्गॅनोफॉस्फेट नावाच्या रासायनिक गटातील असावे. आपल्या शरीरात चेतापेशीच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, सुमारे २० नॅनोमीटरची फट ओलांडून समोरच्या पेशीवरील रिसेप्टरला, म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, चिकटते आणि निरोप पोहोचवते. काम झाले की एक एन्झाइम त्याचे तुकडे करते. हे कीटकनाशक नेमके त्या एन्झाइमलाच निकामी करते, त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलीन साचत जाते, तोंडातून लाळ गळते, श्वासनलिका स्रावांनी भरते आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात. अ‍ॅट्रोपिन मस्करिनिक प्रकारच्या रिसेप्टरवर जागा अडवून बसते आणि हा मारा थोपवते. मात्र हातापायांच्या आणि श्वसनाच्या स्नायूंवर जे निकोटिनिक रिसेप्टर असतात, त्यांच्यावर त्याचा प्रभाव पडत नाही, आणि म्हणूनच अशा रुग्णांपैकी काहींना अ‍ॅट्रोपिन देऊनही व्हेंटिलेटर लावावा लागतो. रसायन एकच असले, तरी ते कोणत्या रिसेप्टरला भेटते यावर परिणाम ठरतो. आपल्या मुलीला हे वाचून पुढचे प्रश्न सुचले, तर तिची ओढ खरी आहे असे समजावे.

चेतापेशी रसायनाच्या मार्फत निरोप देतात, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या दोन हृदयांवर दाखवले. एका हृदयाची व्हेगस नस (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) उद्दीपित करून ते मंद केले आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले. या प्रयोगाला गणिताची फारशी गरज नव्हती. पुढे मात्र चित्र पालटले. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सले यांनी माखळीच्या जाड चेतातंतूवर मोजमापे घेऊन विद्युत संदेशाचे जे स्पष्टीकरण दिले, ते डिफरन्शियल समीकरणांच्या, म्हणजे बदलाचा वेग मांडणाऱ्या गणिताच्या, रूपात होते. १९७६ मध्ये नेहर आणि साकमन यांनी अतिशय बारीक टोकाची काचेची नळी पेशीच्या पटलाला टेकवून, रिसेप्टर उघडल्यावर एकेका रिसेप्टरमधून वाहणारा विद्युतप्रवाह मोजला. हा प्रवाह काही पिकोअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या लाख कोटीव्या भागाच्या घरातला असतो. ‘पॅच क्लॅम्प’ ही त्यांची पद्धत आजही रोज वापरली जाते. संशोधक विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली नळी पेशीपर्यंत नेतो, हलकेच हवा ओढून घट्ट जोड जमवतो, जोड सुटला की नवी नळी घेऊन पुन्हा सुरुवात करतो आणि संध्याकाळी मिळालेल्या आलेखांवर स्वतः लिहिलेला संगणक प्रोग्रॅम चालवतो. यात जीवशास्त्राइतकेच भौतिकशास्त्र आणि गणित आहे.

प्रवेश परीक्षांचा विचार केला, तरी हेच दिसते. पुण्याच्या आयसरसह (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) सर्व आयसरमधील प्रवेशासाठी जी आयएटी परीक्षा होते, तिच्या ६० प्रश्नांपैकी १५ प्रश्न गणिताचे असतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या चार वर्षांच्या संशोधनप्रधान पदवीसाठी तर बारावीला गणित असणे आवश्यकच आहे. पुढे पीएचडीसाठी मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), बंगळूरची एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) आणि मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र ही चांगली ठिकाणे आहेत. दोन्ही विषय ठेवले, तर नीटचा मार्गही मोकळा राहतो, त्यामुळे आपल्या इच्छेवर आजच पाणी सोडावे लागत नाही.

डॉक्टर होण्याबद्दल एवढेच सांगतो की रुग्णाजवळ बसून त्याला बरे करणे तिला आवडत असेल, तर एमबीबीएस करावे. एमबीबीएसनंतर संशोधनाकडे येता येते आणि असे डॉक्टर संशोधनाला हवेही असतात. पण केवळ सुरक्षित वाट म्हणून तिला त्या दिशेला ढकलू नये.

पैशाबाबत आपल्याला अंधारात ठेवणे योग्य नाही. आयसरची पाच वर्षे, पीएचडीची साधारण पाच-सहा वर्षे आणि त्यानंतर बहुधा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे तात्पुरते संशोधनपद, असा हा लांबचा पल्ला आहे. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता मिळतो. म्हणजे पीएचडीच्या काळात ती घरावर भार होत नाही, पण वयाच्या तिशीपर्यंत घरी मोठी रक्कम येईल, अशी अपेक्षाही ठेवू नये. प्राध्यापकपदे मोजकी असल्याने अनेक जण औषध कंपन्यांच्या संशोधन विभागांत जातात. आज वापरातील कितीतरी औषधे कोणत्या ना कोणत्या रिसेप्टरवरच काम करतात, त्यामुळे तिथे या ज्ञानाचा थेट उपयोग होतो.

अकरावीचे वर्ष संपेपर्यंत तिला प्रामाणिक प्रयत्न करू द्यावेत. त्यानंतरही गणित अजिबात झेपत नसेल, तर बी.फार्म.साठी एमएचटी-सीईटी पीसीबी ग्रुपनेही देता येते. तिथून फार्माकॉलॉजी (औषधांचा शरीरावरील परिणाम) विषयात एम.फार्म. केले, तर औषध आणि रिसेप्टर यांच्या नात्याचाच अभ्यास करायला मिळतो.