केमोआधीचे दीड लाख: एफडी की आंब्यावर उचल?

देवगडजवळचे एक बागायतदार विचारतात: 19 वर्षांच्या मुलीला हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघालाय, मुंबईत पंधरवड्याच्या आत केमो सुरू होईल. पुढे मूल व्हावं म्हणून त्याआधी अंडाशयाचा भाग काढून गोठवायचा, तर दीड लाख खर्च आणि साठवणीचे वर्षाला 15 हजार. हे सुरक्षित आहे का? पैशासाठी दलालाकडून उचल घेऊ की एफडी मोडू?

उचल नको, हे आधीच सांगतो. मोहोर कितीही दाट असो, तुडतुडे आणि अवकाळी पाऊस विचारून येत नाहीत. शिवाय उचल घेतली की पेट्या दलालाच्याच गाळ्यावर जाणार, तो म्हणेल त्या भावाने. तुमची चार लाखांची एफडी जूनमध्ये पिकतेय. ती न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ती तारण ठेवून बँकेकडून लागेल तेवढं कर्ज, घ्या. व्याज एफडीपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त, तेही वापराल तेवढ्याच रकमेवर. मे महिन्यात आंब्याचे पैसे आले तर उत्तम, नाही आले तर जूनमध्ये एफडीच ते फेडेल.

वैद्यकीय निर्णय डॉक्टरांचाच. पण पैसे कशाचे मोजतोय, हे तुम्हाला कळायला हवं. बीजं अंडाशयाच्या बाहेरच्या पातळ थरात असतात. दुर्बिणीने तो भाग काढून उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात आणि बरं झाल्यावर, मूल हवं असेल तेव्हा परत बसवतात. अशा परत बसवलेल्या भागातून पहिलं बाळ 2004 मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने या पद्धतीवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. खरी भीती वेगळीच आहे: परत बसवताना त्यातून कॅन्सरच्या पेशी आत जाण्याची. ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमध्ये) ती मोठी असते, हॉजकिनमध्ये कमी.

पण केमो कोणती, ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळं गणित तिथेच अडलंय. केमोच्या औषधांचे वेगवेगळे संच असतात. एबीव्हीडी हा संच असेल तर अंडाशयाला धोका बराच कमी, आणि हे दीड लाख कदाचित वाचतील. जास्त मात्रेचा बीकॉप हा संच असेल तर धोका मोठा, मग मागेपुढे पाहू नका. उद्याच फोन करून विचारा.

अंदाजपत्रकाच्या फोटोत 15 हजारांभोवती तुम्ही पेन्सिलने गोल केलाय, अगदी योग्य जागी. दहा वर्षांत तेच आणखी दीड लाख होतात, आणि परत बसवण्याचं ऑपरेशन त्यात धरलेलंच नाही. विम्यावर भिस्त ठेवू नका, वंध्यत्वाशी जोडलेला खर्च बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो.

मुलगी सज्ञान आहे, संमतीपत्रावर सही तिचीच लागेल. साठवणीची पावती आणि नोंदवलेला मोबाइल नंबरही तिचाच असू द्या. नूतनीकरणाचा मेसेज तुमच्या फोनवर आला आणि तुम्ही तेव्हा फवारणीत असलात, तर तो आठवड्याने दिसायचा.