ईईजी ‘नॉर्मल’, मग गोळ्या कशाला?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे. दोन महिन्यांत त्याला झोपेत दोनदा आकडी आली. ईईजी (मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख) ‘नॉर्मल’ आला, तरी डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. वडील म्हणतात, गोळ्या बंद करू. शेजारच्या काकूंनी तर ‘ईईजीत डोक्याला शॉक देतात’ असे सांगून आईला घाबरवून सोडले आहे. खरे काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : काकूंचा गैरसमज आधी दूर करू. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या, तेव्हापासून आजतागायत ईईजीचे यंत्र या लहरी केवळ टिपून घेते. ते डोक्यात वीज सोडत नाही. या लहरी व्होल्टच्या काही लाखांश भागाएवढ्या क्षीण असतात, म्हणूनच केस धुऊन, तेल न लावता यायला सांगतात.

आता वडिलांची शंका. साधा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो आणि तो बहुधा दोन झटक्यांच्या मधल्या, शांत काळात काढला जातो. त्यामुळे अपस्माराच्या, म्हणजे वारंवार आकडी येण्याच्या आजाराच्या, निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या पहिल्या आलेखात काहीही सापडत नाही. अपस्माराचे निदान मुख्यतः झटका पाहणाऱ्याच्या सांगण्यावर होते. झटका आलाच, तर कांदा शोधायला धावू नका. भावाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर थेट रुग्णालय गाठा. भावाला झटके झोपेतच येत असल्याने, रात्री जागवून दुसऱ्या दिवशी झोपेत काढलेला ईईजी अधिक उपयोगी ठरू शकेल. त्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारा.

काही ठिकाणी मात्र ईईजीला पर्याय नाही. वर्गात क्षणभर टक लावून हरवणाऱ्या मुलाला तीन मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावले, की आलेखात सेकंदाला तीन या गतीने ठरावीक लहरी उमटतात आणि ‘लक्ष नाही’ म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाचा आजार कळतो. अतिदक्षता विभागात बेशुद्ध रुग्णाचे हातपाय स्थिर असतानाही मेंदूत झटका चालू असू शकतो. तोही ईईजीवरच दिसतो.

गोळ्या परस्पर बंद करू नका, कारण त्या अचानक थांबवल्यास झटके सलग येऊ शकतात. डॉक्टर सांगेपर्यंत भावाला मोटारसायकल चालवू देऊ नका आणि पंचगंगेत पोहायलाही जाऊ देऊ नका.