जुन्या ४१५ व्होल्टच्या मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावला तर वाइंडिंग जळेल का?

जळू शकतं, विशेषतः ड्राइव्ह आणि मोटर यांच्यातली केबल लांब असेल तर. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हची डीसी बस (आतला डीसी पुरवठा) साधारण ५८५ व्होल्टची असते, आणि आतले आयजीबीटी (वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) हे व्होल्टेज ०.१ मायक्रोसेकंदाच्या आसपास एका झटक्यात केबलवर सोडतात. लांब केबलवर ही लाट टर्मिनलवर आपटून परत फिरते आणि तिथे शिखर जवळपास दुप्पट होतं. त्याचा मोठा वाटा पहिल्या काही वेढ्यांवरच पडतो. वेढ्यांमधल्या हवेच्या फटींत पार्शल डिस्चार्ज (बारीक ठिणग्या) सुरू होऊन तारेवरचं इनॅमल हळूहळू कुरतडलं जातं. म्हणून अशी मोटर उघडली की बऱ्याचदा लीडजवळचे चार वेढे काळे, बाकी कॉइल नव्यासारखी. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मात्र आदल्या दिवशीपर्यंत उत्तम रीडिंग देतो, कारण तो बॉडीपर्यंतचं इन्सुलेशन तपासतो, वेढ्यांमधलं नाही. त्यासाठी सर्ज टेस्ट लागते. नेमा एमजी १ या अमेरिकन मोटर मानकाच्या भाग ३१ मध्ये इन्व्हर्टर ड्यूटी (व्हीएफडीसाठीच बनवलेल्या) मोटरला रेटेड व्होल्टेजच्या ३.१ पट शिखर सोसण्याची अट आहे ती यामुळेच.

केबल दोन-तीन मीटरची असेल तर साध्या आयजीबीटी ड्राइव्हवर जुनी मोटरही सहसा निभावते. सिलिकॉन कार्बाइडच्या (आणखी वेगवान स्विच असलेल्या) ड्राइव्हला मात्र शिखर दुप्पट करायला तेवढी केबलही पुरते, इतका त्याच्या व्होल्टेजचा चढ उभा असतो. केबल लांबच ठेवावी लागणार असेल तर:

- ड्राइव्हच्या आउटपुटला डीव्ही/डीटी फिल्टर (व्होल्टेजचा चढ सौम्य करणारा)
- कॅरिअर फ्रिक्वेन्सी (ड्राइव्हच्या स्विचिंगचा वेग) कमी. मोटर थोडी गुणगुणेल, गुणगुणू द्या
- रिवाइंड करतानाच इन्व्हर्टर ग्रेड वायर