अंगठ्याची जखम, फसवा आकडा आणि न टाकलेला स्टेंट

प्रश्न : वडिलांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. डाव्या अंगठ्याची जखम दोन महिने झाले तरी भरत नाही, पाऊल गार लागतं. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर मात्र १.५ आलंय. म्हणजे रक्तपुरवठा चांगला आहे ना?

उत्तर : तसं मुळीच समजू नका. घोट्याशी मोजलेल्या वरच्या (सिस्टॉलिक) रक्तदाबाला दंडाशी मोजलेल्या वरच्या रक्तदाबाने (दोन्ही हातांपैकी जो जास्त असेल त्याने) भागलं की हे गुणोत्तर मिळतं. १ ते १.४ ठीक, ०.९ किंवा कमी म्हणजे वाटेत अडथळा. १.४ च्या वर गेलं, तर धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठलंय असं धरून चालावं. अशी कडक नळी पट्टा कितीही फुगवला तरी दबत नाही. मग समोर येतो तो आकडा रक्ताच्या जोराचा कमी आणि भिंतीच्या ताठपणाचा जास्त. बोटांच्या बारीक धमन्या बहुधा यातून सुटतात, म्हणून बोटाला छोटा पट्टा बांधून दाब मोजून घ्या. अंगठ्यालाच जखम आहे, तेव्हा शेजारचं बोट चालेल. तो दाब ३० मिमी पाऱ्याच्या खाली असेल, तर नुसत्या ड्रेसिंगवर जखम भरण्याची आशा फार कमी.

मग डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी. अरुंद जागी रक्त वेगाने धावतं. त्या जागेच्या जरा अलीकडे असलेल्या वेगाच्या दुपटीहून जास्त वेग मिळाला तर तिथे साधारण निम्म्याहून जास्त वाट बुजलेली असते. सीटी अँजिओग्राफी (डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, टोचून काढलेले धमन्यांचे फोटो) मांडीपर्यंत सुरेख दिसते. गुडघ्याखाली गोष्ट वेगळी. तिथल्या धमन्या दोन-तीन मिलिमीटरच्या, त्यात कॅल्शियमचा पांढरा ठिपका फोटोत मूळ आकारापेक्षा फुगून दिसतो आणि आतली पोकळी झाकून टाकतो. सीटीत ‘बंद’ लिहिलेली धमनी प्रत्यक्षात वाहती निघू शकते. त्यामुळे अशा पायात तार घालून केलेली अँजिओग्राफीच खात्रीची, तीही पावलाच्या बोटांपर्यंत. घोट्याशी थांबलेले फोटो या जखमेसाठी अर्धवटच.

प्रश्न : आईच्या गुडघ्यामागची धमनी फुग्याने उघडली, पण स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) टाकला नाही. काम अपुरं राहिलं का?

उत्तर : उलट, विचार करून सोडलेलं दिसतं. प्रत्येक पावलागणिक गुडघ्यामागची धमनी वाकते, पिळते. तिथे धातूची जाळी तुटण्याची किंवा आत पुन्हा बुजण्याची भीती असते. जांघेतल्या धमनीतही याच कारणाने स्टेंट शक्यतो टाळतात.

फुग्याचं काम घाईचं नसतं. जांघेतून ५ किंवा ६ फ्रेंचची नळी (३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर) बसवतात, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, तार अडथळ्यापलीकडे नेतात आणि ती धमनीच्या पोकळीतच आहे ना, हे डाय सोडून बघतात. मांडीत फुगा बहुधा ५–६ मिमीचा, पोटरीत २.५–३ चा, सावकाश फुगवून दोन-तीन मिनिटं तसाच ठेवायचा. घाई केली की आतला थर फाटून पडद्यासारखा लोंबतो. तो प्रवाह अडवत असेल, तर पुन्हा तोच फुगा जास्त वेळ धरतात. तरीही नाही बसला, तर मात्र स्टेंट. चार्ल्स डॉटर यांनी १९६४ साली पहिल्यांदा अशी धमनी उघडली तेव्हा फुगा नव्हताच, एकात एक बसणाऱ्या नळ्या होत्या. रुग्ण ८२ वर्षांच्या बाई, पाऊल काळं पडू लागलेलं. कारण तेच, तुमच्या आईसारखं : पाय वाचवायचा.

प्रश्न : डाय देणार आहेत. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बंद करू का?

उत्तर : मनाने नको. आधी रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा) काढून घ्या. तो ३० च्या खाली असेल तर गोळी थांबवतात आणि ४८ तासांनी मूत्रपिंड पुन्हा तपासूनच सुरू करतात. मूत्रपिंड फारच अशक्त असेल, तर पायाच्या धमन्यांसाठी डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरता येतो. चित्र जरा फिकं येतं, पण काम भागतं.

प्रश्न : जांघेतून नळी घालून अँजिओग्राफी केली, चौथ्या दिवशी तिथे सुपारीएवढी गाठ आलीय, हात लावला की ठोके जाणवतात.

उत्तर : शेकू नका, चोळू नका, त्याच दिवशी डॉप्लर करा. टोचलेल्या जागी रक्त धमनीबाहेर साठून तिथेच भोवरा घेतंय, असा संशय आहे. लहान असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, नाहीतर सोनोग्राफीत बघत थ्रॉम्बिनचं (रक्त गोठवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन देतात. गाठ नसेल, पण कंबर किंवा पोट एका बाजूला दुखून चक्कर येत असेल, तर रक्त आत मागच्या बाजूला साठतंय असं समजा आणि डॉप्लरच्या वेळेची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जा.