दम लागला की चालणं थांबवायचं का?

प्रश्न : बाबा ६२ वर्षांचे. कॅन्सरमुळे उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला, त्याला दीड महिना झाला. डॉक्टर चाला म्हणतात, पण थोडं चाललं की दम लागतो आणि आई त्यांना लगेच आडवं करते. त्यात हा मे महिना. किती चालवावं?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आईंची काळजी समजते, पण दिवसभर खाटेवर ठेवल्यानं दम वाढतो. मांड्यांचे स्नायू ढिले पडले की तेवढ्याच कामाला जास्त हवा लागते. दोन्ही फुप्फुसांचे मिळून साधारण १९ छोटे भाग धरतात, त्यांतले ५ बाबांचे गेले. ते परत येणार नाहीत, पाय मात्र कमावता येतात.

दम शून्य ते दहा असा मोजायला शिकवा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. चालताना तो ३-४ वर असावा. त्या वेळी लहान वाक्यं बोलता येतात, गाणं म्हणता येत नाही. ५ च्या वर गेला की उभं राहून भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकायचं, किंचित पुढे झुकायचं, नाकानं दोन मोजेपर्यंत श्वास घ्यायचा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून चार मोजेपर्यंत सोडायचा. दम बसला की पुन्हा निघायचं.

सुरुवात २ मिनिटं चालणं, १ मिनिट थांबणं, असे पाच फेरे, दिवसातून दोनदा. जमलं तर दर दोन-तीन दिवसांनी चालण्याचं एक मिनिट वाढवा. आठवड्यातले पाच दिवस, रोज ३० मिनिटं हे लक्ष्य. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं : पहिल्या दिवशी हुरूप येऊन फुटाळा तलावापर्यंत जातात आणि पुढचे तीन दिवस उठत नाहीत. मे महिन्यात पहाटे साडेसहाच्या आत आटपा, नाहीतर घरातच हॉल ते स्वयंपाकघर फेऱ्या मारा. पंचेचाळीस अंशांत बाहेर पडण्यात काही मर्दुमकी नाही.

खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करायची, ८ वेळा, दोन फेरे. उठताना श्वास सोडायचा. लोक नेमका उलट रोखून धरतात.

उजवा खांदाही बघा. टाक्यांच्या दुखण्यानं माणूस हात अंगाशी घट्ट धरतो आणि खांदा आखडतो. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा, १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. भरलेली बादली किंवा सिलिंडर उचलायचा तर आधी सर्जनना विचारा. कपालभाती-भस्त्रिका सध्या नको.

ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात ते) असेल तर आकडा ८८ च्या खाली गेला की थांबा. दोन-तीन मिनिटांत ९० वर आला नाही तर डॉक्टरांना कळवा. मेंदी किंवा गार बोटांमुळे आकडा चुकतो, तेव्हा दुसरं बोट लावून बघा. बसल्या जागी अचानक दम, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, एकाच पोटरीला सूज, यांतलं काहीही झालं तर व्यायाम सोडा आणि थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : आईची केमो चालू आहे. थकवा इतका की व्यायाम म्हटलं तरी रडू येतं.
– प्रतापनगर

उत्तर : हा थकवा झोपून जात नाही; हलक्या चालण्यानं मात्र कमी होतो. केमोनंतरचे पहिले दोन-तीन दिवस ५ मिनिटांचे दोन-तीन फेरे पुरेत, मग वाढवा. रक्ताचा रिपोर्ट बघून ठरवा : प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर वजनं किंवा रबरी पट्टे नकोत, हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर आधी डॉक्टर. ताप १००.४ किंवा त्याहून जास्त असेल तर व्यायाम नाहीच. त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. आजार हाडांत असेल तर कमरेतून वाकणं-वळणं फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय नको. आणि कूलर : जुन्या वाळ्याच्या ताट्यांवर बुरशी धरते, केमोवाल्या घरात ताट्या नव्या टाका, पाणी रोज बदला.

प्रश्न : श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र (स्पायरोमीटर) फुंकतो, गोळे वर जातच नाहीत. यंत्र खराब आहे का?
– कामठी

उत्तर : यंत्र बहुधा ठीक आहे. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. ताठ बसा, श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि हळू ओढा. पहिला गोळा वर गेला की दोन-तीन सेकंद टिकवा. तिन्ही गोळे झटक्यानं उडवण्यापेक्षा एक टिकवणं जास्त कामाचं. जागेपणी दर तासाला दहा वेळा. डोकं गरगरलं तर मध्ये थांबा. नंतर ऑपरेशनच्या टाक्यांवर उशी दाबून दोनदा खोका.